दोन स्टॉप अंधार

मावशींनी दोन वर्षं मला फोटो काढू दिला नव्हता. ज्या दिवशी दिला, त्या दिवशी माझ्या लेकीने त्यांच्या वाफ्यातली मूठभर माती तोंडात कोंबली होती.

पाळणाघर आठवडाभर बंद होतं, नवऱ्याची दुपारपाळी होती, म्हणून ठकीला पाठीशी बांधून मी खाणीवर गेले होते. ठकी चौदा महिन्यांची. तिला खाली ठेवलं की ती आधी जमिनीची चव घेते, मग चालायला लागते. त्या दिवशीही तेच झालं. मी कॅमेऱ्याची पिशवी सोडेपर्यंत बाईसाहेब वाफ्यात बसून, डोळे मिटून, चघळत होत्या.

"थू कर, थू," मी तिच्या तोंडात बोट घातलं.

"राहू दे गं," मावशी म्हणाल्या. "पोटात काय झाड उगवणार आहे? माझ्या सहाही पोरांनी खाल्ली. थोरला आता खाणीत ट्रक चालवतो. त्याने तर सगळीच खायला घेतली म्हणायची."

आणि त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

ही उघडी खाण आहे. जमिनीला पाडलेलं भोक, इतकं मोठं की तळाशी फिरणारे ट्रक ठकीच्या खेळण्यांएवढे दिसतात. भोवती खणून काढलेल्या मातीचे आणि दगडांचे ढिगारे. पूर्वी इथे वस्ती होती, ती उठवली. डांबरी रस्ता सरळ येतो आणि कड्यावर तुटतो, पुढचा पाय टाकताना कुणीतरी मागून हाक मारावी तसा. काठावर एकच घर उरलंय. त्या घरातल्या म्हणून काठावरच्या मावशी. ट्रकवालेसुद्धा त्यांना तसंच म्हणतात.

मी या जागेचे फोटो काढत होते. सूर्य गेल्यावरचे, आणि तेही दोन स्टॉप कमी करून. म्हणजे कॅमेऱ्याला जेवढा उजेड पुरेसा वाटतो, त्याच्या पावपटच मी त्याला द्यायची. का, तर उजेडात ती जागा केविलवाणी दिसायची आणि अंधारात भयंकर. केविलवाण्या गोष्टीकडे लोक एकदा बघून पुढे जातात, भयंकरापुढे थांबतात, असा माझा हिशेब. नवरा म्हणायचा, "तुझे फोटो बघायला सोबत टॉर्च द्यायला हवा." पण गॅलरीवाल्या मॅडमना तो अंधारच आवडला होता. एक प्रदर्शन होऊन गेलं होतं, दुसरं ठरलं होतं, आणि त्या दुसऱ्याला चेहरा होईल असा फोटो माझ्याकडे नव्हता. मावशींचं घर आणि त्यापुढचं त्यांचं रान, हा तो फोटो होता. मला तो दोन वर्षं दिसत होता आणि मिळत नव्हता.

"तुझा तो डबा आणलायस ना?" मावशींनी ठकीला उचलून पदराने तिचं तोंड पुसलं. "काढ आज. ऑफिसात लावायचाय मला. पण नीट ऐक. माझी काळी दिसली पाहिजे. काळी एकदम ठळक. पांढरीचं काही नको, पांढरी गेली, तिचं आता काय."

मला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं. हेच मी छापणाऱ्यांना, मॅडमना, नवऱ्याला सांगत आले होते. काळा नीट येऊ दे, पांढरा नको. असं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नव्हतं.

"किती काळी हवी, मावशी?"

"किती म्हणजे? आहे तेवढी सगळी. या बांधापासून त्या बांधापर्यंत. कोपरा सुटता कामा नये."

"एकदम काळीभोर करते."

"तू काय करणार? ती आहेच."

थोरल्याच्या खाणीतल्या ऑफिसात भिंतीवर लावायचा असेल, असं मी मनाशी धरून टाकलं. विचारलं नाही. मनासारखं होत असलं की माणूस विचारत नाही.

"मग काढ की, ऊन आहे तोवर," त्या म्हणाल्या.

"सूर्य गेला की काढते."

"लग्नातले फोटोवाले तर भर दुपारी काढतात."

"ते वेगळे, मावशी."

"बरं बाई. तुझं तू जाणे."

त्या ठकीला कडेवर घेऊन बांधावर उभ्या राहिल्या. सूर्य ढिगाऱ्यामागे गेला. मी नऊ फोटो काढले.

*

छपाई मी घरीच करते. झोपायच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर प्रिंटर आहे. ठकी दुपारी झोपली की तो सुरू करायचा, आणि त्याची खरखर वाढली की श्वास धरून पाळण्याकडे बघायचं. चौथ्या फोटोत सगळं जुळून आलं होतं. खाली रान, डांबरासारखं काळं. वर आभाळाची बोटभर पट्टी. मध्ये मावशी, खिळा ठोकल्यासारख्या.

"मावशी कुठे आहेत यात?" नवऱ्याने विचारलं.

"ह्या काय."

"अच्छा! मला वाटलं, विजेचा खांब."

मॅडमनी मात्र फोटो बघून लिहिलं, 'हाच. आमंत्रणपत्रिकेवर हाच.' मी घरभर नाचले. ठकीही नाचली, कारण न विचारता.

मोठ्या आकाराची एक प्रत पुठ्ठ्यावर चिकटवून मी मावशींना नेऊन दिली. त्या वाफ्याला पाणी सोडत होत्या. "हात भरलेत गं. आत ठेव, कपड्यात गुंडाळून. ऑफिसात न्यायचाय, डाग नको लागायला." मी ठेवला. त्यांनी तो बघितला नाही, आणि मीही 'बघा ना' म्हटलं नाही. लेकीला परत न्यायची घाई होती, हे एक. आणि कौतुक झालं नाही तर काय, ही धास्ती, हे दुसरं.

बारा दिवसांनी, दुपारी, मी ठकीला भात भरवत असताना मावशींचा फोन आला. मागे पंख्याचा खडखडाट आणि कुणाचे तरी आवाज.

"पोरी, यात काळी कुठाय गं?"

"म्हणजे? सगळी काळीच तर आहे, मावशी."

"काळं आहे. सगळं काळं आहे. काळी कुठाय?"

मला कळेना. मागून एक पुरुष म्हणाला, "आजी, तुमचा नंबर गेला."

"आजी कुणाची रे? थांब जरा," त्या तिकडे म्हणाल्या, आणि मग मला, लहान मुलीला सांगावं तसं: "काळी म्हणजे रान गं. पिकाची जमीन. घरं बांधतात ती पांढरी, पिकतं ती काळी. पांढरी तर खाणीत गेली. काळी राहिलीय, तेवढी दाखव म्हटलं होतं मी तुला. आईने शिकवलं नाही का?"

माझी आई तिसऱ्या मजल्यावर वाढली, मीही तिसऱ्याच मजल्यावर. आमच्याकडे काळी म्हणजे शेजारची मांजर.

पुढचं त्यांनी तुकड्यातुकड्यांत सांगितलं. जमिनीच्या नोंदींच्या ऑफिसातल्या कागदावर त्यांचं रान 'पडीक' लागलं होतं. पडीक जमीन खाण न विचारता घेऊ शकते. पिकाखालची असेल तर आधी मालकाची सही लागते. म्हणून त्यांनी तक्रार केली होती, आणि तक्रारीला 'लावायला' फोटो हवा होता. भिंतीला नव्हे. आता जागेवर जाऊन बघावं, तर गेल्या मंगळवारी मागच्या ढिगाऱ्याचा पाय सुटला आणि अर्धा ढिगारा घसरून रानावर आला. कमरेएवढा राडा. खाली लसूण आहे हे सांगायला माझ्या फोटोशिवाय काही नव्हतं.

"आणि साहेब म्हणतात, हे तर जळकं रान दिसतंय. उद्या अकरा वाजता शेवटचं बघणार आहेत." त्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्याकडे दुसरा आहे का गं? साधा?"

ठकीने भाताचा घास माझ्या मांडीवर थुंकला. मी म्हटलं, "आहे, मावशी." आहे की नाही, मला माहीत नव्हतं.

*

ठकीला थोपटून झोपवायला त्या दिवशी एक तास लागला. मुलांना आईची घाई वासाने कळते. शेवटी तिने माझं बोट सोडलं आणि मी लॅपटॉप उघडून त्या चौथ्या फोटोची मूळ फाइल काढली.

कॅमेरा मी सांगते तेवढंच ठेवत नाही. काळोखातलंही बरंच तो मुकाट्याने साठवून ठेवतो. सावल्या उजळण्याची एक पट्टी असते, ती मी दोन वर्षांत कधी उजवीकडे सरकवली नव्हती. सरकवली.

आधी दाणेदार करडं धुकं आलं. मग त्यातून ओळी वर आल्या. मी मोजल्या, सतरा. बोटभर उंचीची लसणाची पात, तिच्या कडेने मुळ्याची रुंद पानं. ओळी सरळ राहाव्यात म्हणून दोन खुंट्यांना ताणून बांधलेली सुतळी. पाण्याची झारी, तिच्या मानेला चिंधी बांधलेली. उलटी पडलेली एक चप्पल. आणि बांधावर मावशी, पदर खोचलेल्या, लग्नाच्या फोटोला उभ्या राहाव्यात तशा ताठ, हसऱ्या. त्यांच्या कडेवर ठकी. हनुवटीला माती. थेट माझ्याकडे बघत, एक हात पुढे केलेला, म्हणजे 'आई, घे'.

माझी लेक त्या फोटोत होती. मी तो मोठा छापला होता, पुठ्ठ्यावर चिकटवला होता, त्याच्यासाठी घरभर नाचले होते, आणि ती त्यात आहे हे मला आठवलंसुद्धा नव्हतं. खिळा नीट दिसावा म्हणून मी तिलाही काळ्यात बुडवलं होतं.

पाळण्याशी जाऊन मी तिच्या छातीवर हात ठेवला. उगाचच. वरखाली होत होती.

मग मॅडमना फोन केला. त्या शांतपणे बोलतात, म्हणून भांडताही येत नाही.

"उजळ प्रत बाहेर जाता कामा नये," त्या म्हणाल्या. "तुझा अंधार हीच तुझी सही आहे. एकाच फोटोच्या दोन प्रती फिरायला लागल्या की लोक विचारणार, यातली खरी कुठली? मग काय सांगशील?"

"इथे मावशींच्या सहीचा प्रश्न आहे, मॅडम."

"दुसऱ्या कुणाकडून काढून घे ना त्यांचा फोटो."

"रान आता ढिगाऱ्याखाली आहे."

"पत्रिका उद्या संध्याकाळी छापायला जातेय. तोवर ठरव."

*

ऑफिसात लोखंडी कपाटं होती, आणि कपाटांत मावल्या नाहीत म्हणून जमिनीवर रचलेल्या, सुती फितीने बांधलेल्या फायली. टेबलाच्या काचेखाली जुन्या कॅलेंडरचं एक पान. साहेब माझ्याच वयाचे, कानावर पेन्सिल. मावशी धुतलेलं लुगडं नेसून अकराच्या आधीपासून बाकावर बसल्या होत्या. रात्री झोपल्या नसाव्यात. मला बघून त्यांनी आधी ठकीला घेतलं आणि मग, जरा घाबरतच, विचारलं, "आणलास?"

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"यातला खरा कुठला?"

अगदी मॅडमचेच शब्द.

"हा. उजळ."

"कशावरून? तुम्ही तो उजळवलाय. आजकाल काय, माझा मुलगा मोबाइलवर मला डोकंभर केस लावून दाखवतो."

"उजळवला नाही, साहेब. तो दुसरा अंधारा केला होता."

"कुणी?"

"मी."

"कशासाठी?"

दोन वर्षं या प्रश्नाची माझ्याकडे छान छान उत्तरं होती. गॅलरीच्या भिंतीवर छापलेलीसुद्धा. त्या खोलीत, कपाटांसमोर, मी त्यातलं पहिलं जुळवायला लागले.

"तिला तसं आवडतं," मावशी मध्येच म्हणाल्या. "लेकरू लहान आहे हो, झोप होत नाही तिची. तुम्ही रागावू नका."

साहेबांनी कोरा कागद सरकवला. "लिहून द्या. तुमच्या शब्दांत. आणि मूळ फाइल दाखवा."

मी लॅपटॉप उघडून तारीख, वेळ दाखवली. मग लिहायला घेतलं. 'सदर फोटो मी काढला आहे. जागेवर उजेड पुरेसा होता.' इथपर्यंत पेन सरळ चाललं. पुढचं वाक्य लिहायला वेळ लागला. हा कागद कुणाच्याही हाती पडू शकतो, मॅडमच्याही. आणि एकदा लिहिलं की माझा प्रत्येक फोटो लोक याच वाक्यातून बघणार. मावशींच्या मांडीवर ठकी फायलीची फीत चोखत होती. मावशी माझ्या हाताकडे बघत होत्या. त्यांना अक्षरं वाचता येत नसावीत, पण पेन थांबलंय हे कळत होतं.

'फोटोतला अंधार मी घातला आहे,' मी लिहिलं आणि खाली सही केली.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मावशींच्या कागदावर 'पडीक'वर एक रेघ मारली आणि वर पेन्सिलने लिहिलं, 'पिकाखाली'. "शाईने वरचे साहेब करतील. पण आता करतील," ते म्हणाले.

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मग लगेच व्यवहाराचं बोलल्या. "तो काळा परत हवा का तुला? नाहीतर मी नेते. पुठ्ठा चांगला आहे, मडक्यावर झाकायला होईल."

"न्या, मावशी."

मी उठले होते. ठकीला घ्यायला हात पुढे केले होते.

"ताई, एक मिनिट बसा," साहेब म्हणाले. त्यांनी खालच्या थप्पीतून एक जाड फाइल ओढली. "तुम्ही लिहून दिलंत म्हणून विचारतो. मग हे काय?"

खाणीचा अर्ज होता. आजूबाजूची जमीन ओसाड आहे, ती वापरायला मिळावी, असा. मागे पुरावा म्हणून अकरा पानं जोडलेली. माझ्या पहिल्या प्रदर्शनाची पुस्तिका, पान पान सुटं केलेली, प्रत्येकावर गोल शिक्का. अकरा फोटो. अकरा काळी रानं. खाली माझं नाव, सुबक अक्षरांत.

मी पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली. मी कुणाला काही विकलं नव्हतं, कुणाला परवानगी दिली नव्हती. पण त्यांना माझी परवानगी लागलीच कुठे? मीच तर लिहून ठेवलं होतं, भिंतीवर, मोठ्या अक्षरांत: 'इथे आता काहीच उरलेलं नाही.'

"ही तरी खरंच ओसाड आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी तेव्हा बघितलं नाही."

"काढलेस तू, आणि बघितलं नाहीस?" मावशींनी ठकीला माझ्या हातात दिलं, कमरेची पिशवी सोडून चष्मा काढला आणि खुर्ची टेबलापाशी ओढली. "आण इकडे."

पहिलं पान त्यांनी डोळ्यांजवळ धरलं. जमीन दिसतच नव्हती, पण वरच्या पट्टीला ढिगाऱ्यांची कडा होती. तिच्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "हा ढिगारा बघ, डावा खांदा पडलेला. म्हणजे हे टोपीवाल्याचं. घर गेलं तरी रोज येतो, बटाटा असतो त्याचा. लिहा." दुसरं. "हे दोघी जावांचं. एकमेकींशी बोलत नाहीत, पण पेरतात एकत्र." साहेबांनी पेन्सिल कानावरून काढली. मी एकेक मूळ फाइल उघडून पट्टी उजवीकडे ओढत गेले, आणि मावशी म्हणाल्या तेच वर येत गेलं: बटाट्याचे वरंबे, दोन बायकांच्या दोन वेगळ्या पाण्याच्या कळश्या, एक खाटलं, दोरीवर वाळणारी बाळाची झबली. फोन थरथरत होता. मॅडम. मी माझ्या लिहून दिलेल्या कागदाचा फोटो काढून त्यांना पाठवला, खाली एवढंच लिहिलं, 'पत्रिकेवर तो फोटो नको,' आणि फोन उलटा ठेवला.

दहा फोटो झाले. अकराव्यापाशी मावशी थांबल्या.

"हे नाही ओळखू येत. एवढं काळवंडवलंयस की बांध कुठला, आभाळ कुठलं. उजेड कर."

मी केला. शेवटपर्यंत. दाणेच दाणे झाले, आणि त्यांत एका खोपटाचं दार, दारात एक माणूस, उकिडवा बसलेला. तो माझ्याकडे बघत होता. म्हणजे त्या संध्याकाळी मी कॅमेऱ्याची तिवई लावून अर्धा तास उभी होते, मला वाटत होतं पंचक्रोशीत चिटपाखरू नाही, आणि तो सगळा वेळ तिथे होता.

"कोण हा?" साहेबांनी विचारलं.

मावशींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "आमच्यातला नाही. नंतर आला असेल कुठून तरी, कुणी उठवलेला. पण बघा, त्याने दारात वाफा केलाय."

"मग मालकाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहितो."

"अज्ञात कसा? बसलाय की समोर!" मावशी उठल्यासुद्धा. "साडेबाराची खाणीची गाडी असते. चल गं, विचारून येऊ. पोरीला टोपी घाल, ऊन आहे."

मी ठकीला पाठीशी बांधायला लागले. गाठ बसेना. साहेबांनी फाइल बंद केली नाही. पेन्सिल अकराव्या ओळीवर आडवी ठेवली.

"मी पाचपर्यंत आहे," ते म्हणाले.

मावशी जिन्याच्या खालच्या पायरीवरून ओरडत होत्या, गाडी सुटेल म्हणून.